मे महिन्यात बर्फ धरलेली गाडी

उदगीरच्या जगदेवीबाईंनी पस्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीच्या पैशातून टर्बो इंजिनची पेट्रोल गाडी घेतली. टर्बो कशाला, असं कुणी विचारलं की बाई रस्त्यात थांबून समजावत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून छोटं इंजिनही मोठ्यासारखं ओढतं. विचारणारा दुसऱ्यांदा विचारत नसे.

मागच्या उन्हाळ्यात माहूरला जाताना घाटात गाडी खडखडली. पाच माणसं, वर सामान आणि डोक्यावर ऊन. कोंबलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेटतंय, हे बाईंनी आवाजावरूनच ओळखलं. घरी येऊन त्या वाचत बसल्या आणि आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं, "गाडी गॅसवर करायची. त्यातलं प्रोपेन असं अवेळी पेटत नाही. कितीही दाबा, शांत राहतं."

"मी त्यात बसणार नाही," त्यांचे यजमान उद्धवराव म्हणाले. ते झेडपीतून निवृत्त झालेले. घरातला गॅस बंद आहे का, हे पाहायला अर्ध्या वाटेतून परत येणारे. पाठीमागे टाकी ठेवून फिरायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

बाईंचा धाकटा भाऊ वीरण्णा याचं बिदर रोडला गॅरेज होतं. त्यानं मान्यताप्राप्त किट मागवलं, आरटीओचं काम मार्गी लावलं, लातूरहून टाकी भरून आणली. डिकीत टाकी बसली आणि इंजिनाशेजारी रिड्युसर. द्रवरूप गॅसची वाफ करणारा हा नारळाएवढा धातूचा गोळा. वाफ व्हायला ऊब लागते, म्हणून इंजिनचं गरम पाणी त्यातून खेळवलेलं असतं. तो तापल्याशिवाय गाडी गॅसवर जात नाही, पण चाचणीपुरती ती अट वीरण्णानं लॅपटॉपवरून काढून ठेवली होती.

चाचणीच्या दिवशी उद्धवराव गॅरेजसमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. त्याआधी त्यांनी शेजारच्या टपरीवाल्या केवळाबाईंना चहाची शेगडी विझवायला लावली होती.

"अक्का, गॅसचं बटण दाब आता," वीरण्णा म्हणाला.

बाईंनी दाबलं. गाडीनं छान सूर धरला, मग उचकी दिली, मग आणखी एक, आणि बंद पडली. वीरण्णानं बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"अक्का, इकडं ये. बर्फ धरलाय."

बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि इथं रिड्युसरवर पांढरंशुभ्र हिव पसरलं होतं. बाईंनी बोट लावलं आणि त्या हसायलाच लागल्या. वीरण्णा काळजीत होता, पण बहिणीला हसताना पाहून त्यालाही आवरेना. केवळाबाई धावत आल्या. शेगडी बंद असल्यानं त्या रिकाम्याच होत्या. त्यांनी हात लावला, तोच गार हात कपाळाला लावला, आणि ताकाचा पेला आणून गोळ्याला टेकवून धरला.

"बाई, ही गाडी रोज हितंच लावा," त्या म्हणाल्या.

रस्त्यावरचे चार जण जमले. प्रत्येकाला हात लावायचा होता. शेवटी उद्धवरावांनाही राहवलं नाही. ते रस्ता ओलांडून आले, एका बोटानं हिव खरवडलं आणि विचारलं, "पण हे तापायला पाहिजे ना?"

"गरम पाणी येऊन राहिलं असतं तर तापलं असतं, दाजी," वीरण्णा म्हणाला. "नळ्या तर बरोबर जोडल्यात."

उद्धवरावांनी एक नळी चाचपली. ती पोळत होती. दुसरी गार. ते म्हणाले, "अगं, हे आपल्या गच्चीवरच्या सोलरसारखं झालंय. हवा धरलीय. नळीत हवा अडकली की गरम पाणी पुढं सरकत नाही."

भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत राहिले. एकानं आयुष्यभर इंजिनं खोलली होती, दुसरीनं हवेचा दाब शिकवला होता.

"हाव दाजी, खरंय," वीरण्णा म्हणाला.

इंजिन निवेपर्यंत सगळ्यांनी गार ताक प्यायलं. मग गाडीचं तोंड चढावर केलं, पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं आणि वीरण्णानं नळ्या दाबल्या. बुडबुडे वर आले. पाणी भरून, झाकण लावून गाडी सुरू केली. थोड्या वेळानं दुसरी नळीही पोळायला लागली. वीरण्णानं लॅपटॉपवरची अट परत लावली.

"फाट्यापर्यंत जाऊन येऊ," बाई म्हणाल्या. उद्धवराव न सांगता पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी दारावरचा दांडा धरला.

फाट्याआधीच्या चढावर बाईंनी पाय दाबला. टर्बोची बारीक शीळ ऐकू आली, पाठी सीटला टेकल्या आणि गाडी चढ विसरूनच गेली. खडखड नाही, काही नाही. मागून वीरण्णा ओरडला, "अक्का, लई भारी." फाटा मागे गेला. कुणी परत वळण्याचं नाव काढलं नाही. पुढं कानडी पाट्या लागल्या तेव्हा मुलीचा, वैष्णवीचा, फोन आला.

"आई, जेवायची वेळ झाली, कुठे आहात?"

"कर्नाटकात," बाई म्हणाल्या आणि त्यांना पुढं बोलताच येईना, इतकं हसू फुटलं. शेवटी फोन उद्धवरावांनी घेतला. "तू जेवून घे," ते गंभीरपणे म्हणाले. "आमचं काही सांगता येत नाही."

कमलनगरला तिघांनी उभ्यानं मिरची भजी खाल्ली. वीरण्णाच्या हाताला ग्रीस, त्यामुळे त्याला बाई भरवत होत्या. निघताना उद्धवरावांनी हात पुढं केला.

"किल्ली दे."

"तुम्ही चालवणार? गॅसची गाडी?"

"दे म्हटलं ना."

उदगीर येईपर्यंत त्यांनी प्रत्येक चढावर ती शीळ वाजवली. जिथं चढ नव्हता तिथंही.