रोडगे आणि झाकण

माझं नाक मेलेलं आहे. एका मोठ्या आजारपणात वास गेला तो परत आलाच नाही. तेव्हा फरक पडला नाही, कारण घरात बायकोचं नाक होतं. ती आतल्या खोलीत पूजा करत असो की झोपलेली असो, तिथूनच ओरडायची, "अवो, गॅस सुटला वाटते, पाहा बरं!" आणि खरंच बटण अर्धवट फिरलेलं असायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

दिवाळीत माझा पोट्टा बेंगळुरूहून आला, तर गॅसवरचा बार्बेक्यू घेऊनच आला. तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटला मोठी बाल्कनी आहे, तिथे मांडला. एक दिवस पनीर भाजलं, फोटो काढले आणि गेला. जाताना हिंदीत बजावलं, कारण या हिंदी मुलखात वाढल्यानं मराठी त्याला कळते पण बोलवत नाही : "पापा, ढक्कन खुला रखके ही जलाना। नहीं तो गैस अंदर भर जाएगी।" आणि पुढे तेच जुनं, "कुछ भी हुआ तो मैं आपको ले जाऊँगा।" मी वरवर होकार दिला, "हव." मले कुठंच जायचं नव्हतं. तिचं सगळं याच घरात आहे, मी तिकडं जाऊन काय करू?

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मले रोडग्यांची फार आठवण आली. आमच्या वऱ्हाडात रोडगे पुरुषच भाजतात. शेतात गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यांत कणकेचे जाड गोळे टाकायचे आणि वरून राखेनं गच्च झाकायचे. झाकल्याशिवाय रोडगा आतून शिजत नाही, हे आमच्याकडच्या लहान पोराले पण माहीत असते. म्हणून मी बार्बेक्यू नीट पेटवला, गोळे मांडले, झाकण लावलं आणि वांग्याची भाजी फोडणीला टाकायला आत गेलो. आता निखारा कधी वाऱ्यानं विझतो का? उलट फुलतो. बाहेर वारा सुटला होता, पण वाऱ्यानं गॅसची ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो, हे काही डोक्यात आलं नाही.

वीस मिनिटांनी आलो. हात लावून पाहिलं तर झाकण थंड! माझी सटकली. "काय भंगार आणून ठेवलं या पोट्ट्यानं!" म्हणत खाली वाकलो आणि झाकण न उघडताच लायटर लावायला निघालो.

"अंकल! रुकिए! गैस की बदबू आ रही है!"

शेजारच्या बाल्कनीत एक मुलगी कपडे वाळत घालत होती. लायटर माझ्या हातातून पडला. सिलिंडर बंद केला, झाकण उघडलं आणि भिंतीला धरून उभा राहिलो. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो.

"आप अकेले रहते हैं क्या?" तिनं विचारलं. दोन वर्षं आमच्यात एकच भिंत आहे, पण बोलणं आजच होत होतं. मी म्हटलं, "थांब बेटा, रोडगे खाऊन जा." तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती आत गेली.

संध्याकाळी पोट्ट्याचा फोन आला. "पापा, खाना खाया?" मी म्हटलं, "रोडगे केले ना, मस्त झाले." कच्चे गोळे तसेच ताटात पडले होते.

आता मी नियमानं वागतो. आधी साबणाचं पाणी नळीला आणि जोडांना लावतो. बुडबुडे आले नाहीत तरच पुढचं काम. झाकण उघडं ठेवूनच पेटवतो, आणि पेटल्यावर तिथून हलत नाही. एवढं केलं की कोणाच्या नाकाची गरज नाही. तरी लायटर हातात घेतला की घराकडे तोंड करून मी विचारतोच, "अवं, वास येऊन राहिला काय?"

आणि थोडा वेळ थांबतो.