तीन वाजताची जर्मन

बसलेल्या माणसाशी ती कधी उभ्याने बोलत नसे. गुडघे मुडपून समोर उकिडवी बसे, तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येई आणि मग विचारी, "बोला, काय हवंय?" आमच्या बेलापूरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना प्रथम संकोच वाटे. "अगं, वर बस की. भुईवर काय बसती?" त्या म्हणत. ती हसे. "सवय आहे, मावशी. विमानात असंच बोलायचं असतं."

ती हवाई सेविका होती. पुण्यात कॉलेजात असताना जर्मन शिकली आणि त्या भाषेच्या बळावर तिला जर्मनीच्या फेऱ्या मिळाल्या. अशा सेविकेच्या गणवेशावर त्या भाषेचा एक लहानसा बिल्ला असतो आणि तो टिकवण्यासाठी ठरावीक काळाने तोंडी परीक्षा द्यावी लागते, ही माहिती मला तिच्याकडूनच मिळाली. आईला अर्धांगवायू झाला म्हणून लांब रजा घेऊन ती माझ्या समोरच्या घरी राहायला आली, तेव्हा परीक्षा चार महिन्यांवर होती. नापास झाली, तर बिल्लाही जाणार होता आणि त्या फेऱ्याही. बेलापुरात जर्मन बोलायला मात्र कोणी नव्हते.

एक दिवस ती माझ्याकडे आली. मी निवृत्त शिक्षिका.

"बाई, मोबाईलवर ऐकून होत नाही. समोर माणूस लागतो. तुम्ही प्रवासी व्हा."

"मला त्यातले अक्षरही येत नाही."

"मला येतं ना. तुम्ही फक्त वाचा."

तिने प्रवाशाच्या तोंडची बावीस वाक्ये देवनागरीत लिहून दिली, प्रत्येकाखाली मराठी अर्थ. रोज दुपारी तीन वाजता, आईचे औषधपाणी आटोपले की मी तिच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून एकेक वाक्य वाची आणि ती उत्तर देई. उत्तर मला कळत नसे. ते संपले, एवढे कळे. माझ्या उच्चारांवर ती खूश असे. "बाई, तुमचा प्रवासी भाजीची पिशवी घेऊन थेट विमानात चढलाय!" दाराशी भाजीवाली थबकून विचारी, "मंतर चाललाय व्हय, बाई?"

महिन्याभरात ती वाक्ये मला पाठ झाली. त्यांतले एक असे होते: 'इश राइझ आलाइन', म्हणजे 'मी एकटीच प्रवास करते आहे'. 'इश' म्हणजे मी, 'आलाइन' म्हणजे एकटी, हे मी वहीत टिपून ठेवले होते.

एका दुपारी मी चहा मागण्याचे वाक्य वाचले. उत्तर सुरू झाले आणि थांबेना. ती माझ्याकडे पाहत नव्हती. आवाज खाली गेला होता आणि त्यात पुनःपुन्हा येत होते, इश, आलाइन; इश, आलाइन.

आतून तिच्या आईने जड जिभेने विचारले, "बाई, काय बोलती वो ती?"

"चहाचं सांगते आहे," मी म्हणाले.

"चहाचं एवढं लांबन व्हय?"

तिने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मी तिचा हात धरायला हवा होता. शब्द मला कळले होते, आणि कळले होते म्हणूनच मी घाबरले. छत्तीस वर्षे वर्गात जे सांगत आले, तेच माझ्या तोंडून निघाले: "उत्तर प्रश्नाला धरून असावे. अवांतर लिहिले, बोलले, की गुण जातात."

"हो, बाई," ती म्हणाली. "पुढचं वाचा."

दुसऱ्या दिवसापासून तिची उत्तरे दोन वाक्यांत संपू लागली. अर्ध्या तासाचा पाठ दहा मिनिटांत आटोपे. आपले शिकवणे लागू पडले, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण घरी परतल्यावर उरलेली वीस मिनिटे मला जड जात. उद्या आपणच काही विचारू, असे मी रोज ठरवी आणि रोज कागदावरचेच वाची.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी तिची आई गेली. दिवसकार्य उरकून ती मुंबईला निघाली. निघताना ती माझ्या पाया पडली. 

महिन्याने तिचा संदेश आला. "बाई, पास झाले. परीक्षक म्हणाल्या, उत्तरे अगदी मुद्देसूद. सगळं तुमच्यामुळे."

'मुद्देसूद' हा शेरा मी शेकडो वह्यांवर लाल शाईने आनंदाने लिहिला आहे. त्या दुपारी मात्र मोबाईल उपडा ठेवून मी ओट्यावर बसून राहिले. तीन वाजले होते. समोरच्या दाराला कुलूप होते आणि भाजीवाली हाक न देता पुढे गेली.