डोंगरापलीकडे आवाज पोचवायला गेले होते

दोन वर्षांपूर्वी कन्नडच्या डोंगरात भटकताना एका वस्तीवर पाणी मागितलं. पाणी देणारी कौसाबाई माझ्या पाठपिशवीला अडकवलेल्या वॉकीटॉकीकडे बघत राहिली.

"ह्याला टावर लागतो का?"

नाही म्हटल्यावर ती शेजारी येऊन बसली. तिचा नवरा भिवाजी मेंढरं घेऊन डोंगरापलीकडच्या दरीत राहतो, आठ-आठ दिवस. एकदा तिथं पाय घसरून पडला आणि दीड दिवस तसाच पडून राहिला. "कुत्रं एकटंच घरी आलं, तवा कळलं," ती म्हणाली. दरीत मोबाइल लागत नाही. वस्तीवर फक्त देवळाच्या पारापाशी रेंजची एखादी काडी दिसते.

मी नाशिकला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. हौशी रेडिओचा परवाना आहे. "बघते काहीतरी," असं बोलून गेले, आणि ते बोलणं वर्षभर टोचत राहिलं. शेवटी थंडी सुरू झाल्यावर निघाले.

नाशिकहून सकाळची एसटी घ्या. येवला, वैजापूर करत पाचेक तासांत छत्रपती संभाजीनगर येतं. बायकांना तिकीट अर्धं. उस्मानपुऱ्यात साधं, स्वच्छ लॉज मिळालं. दुपारी औरंगपुऱ्यात सलीमभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. आमची वीस वर्षांची मैत्री, त्यातली बरीचशी फक्त आवाजाची, रेडिओवरची. त्यांच्याकडेही परवाना आहे. मी आणलेली केबल त्यांनी बोटांत धरून बघितली आणि बाजूला ठेवली.

"ये पतली नक्को मॅडम. आधी ताकद रस्ते में ही खा जाती."

हे लक्षात ठेवा. अँटेनापर्यंतची केबल जाड आणि शक्य तितकी आखूड घ्या. बाहेरच्या जोडावर पाणी शिरू न देणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, कारण पाणी एकदा आत गेलं की महागडा सेटही मुका होतो. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, सेट जळतो. संध्याकाळी नान-खलिया खाताना मी खुशीत होते. सलीमभाई मात्र खुशीत नव्हते. "पहाड के आगे किसका चलता," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जीपमधून वेरूळचा घाट ओलांडून कन्नड, आणि पुढे कच्च्या रस्त्यानं वस्ती. कौसाबाईच्या पत्र्याच्या घराशेजारी आम्ही लोखंडी पाइप उभा केला. तीन दिशांना तारांचे ताण दिले, विजेच्या तारेपासून पाइपाच्या उंचीच्या दुपटीनं लांब राहिलो, वीज पडण्याच्या भीतीनं जमिनीत अर्थिंगची सळई ठोकली. टोकाला अँटेना, खाली सलीमभाई आणि त्यांचा मोठा सेट. मी आणि कौसाबाई डोंगर चढलो. खिंडीपर्यंत तासभर, तिथून दरीत अर्धा तास.

भिवाजी बाभळीखाली बसला होता. पडल्यापासून एक पाय ओढत चालायचा. मी माझा सेट काढला. सलीमभाईंचा आवाज तुटत तुटत आला, पण शब्द कळत होते. भिवाजीनं सेट हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"वस्तीवरून बोलतोय व्हय हा माणूस?"

"व्हय," कौसाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

माझी खरी अडचण तिथं सुरू झाली. हे दोन्ही सेट परवानाधारकाचे. कौसाबाई-भिवाजीला वापरायला देता येत नाहीत. देण्यासाठी मी छोटी जोडी आणली होती, परवाना न लागणारी. ताकद अर्धा वॅट, आणि अँटेना सेटलाच पक्का. तो बदलून पाइपावर चढवायचा नाही, असा नियम. त्यातला एक सलीमभाईंकडे होता. मी दुसरा सुरू करून हाका मारल्या. बांधावर चढून मारल्या, दगडावर उभी राहून मारल्या. तिकडे सलीमभाई पत्र्यावर चढले होते, हे नंतर कळलं. खरखरसुद्धा आली नाही.

"मग तो मोठाच ठिवून जा की," कौसाबाई म्हणाली.

मी परवान्याचं सांगितलं. परीक्षा, अर्ज, तपासणी.

"मला सही येती," ती म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. "ऱ्हाऊ दे," भिवाजी हळूच म्हणाला. "बाई एवढ्या लांबून आल्या, तेच लई झालं."

परतताना खिंडीत मी सहज सलीमभाईंच्या हातातल्या छोट्या सेटचं बटण दाबलं. माझ्याकडचा छोटा सेट, चालला नसला तरी, भिवाजीला देऊन आले होते, आणि सलीमभाई त्यांच्याकडचा घेऊन आमच्यासाठी खिंडीपर्यंत चढून आले होते. दरीतून भिवाजीचा आवाज स्वच्छ आला, कानाशी बोलावा तसा. मध्ये डोंगर नव्हता, म्हणून. डोंगराच्या माथ्यावर आवाज पुढे पाठवणारं यंत्र बसवलं तर सगळंच सुटेल, पण ते परवान्याचं, आणि जमीन वनखात्याची. मी हे मनात घोळवत होते, तेवढ्यात कौसाबाई म्हणाली, "मग मी रोज इथं येत जाईन. दुपारच्याला."

रोज तासभर चढायचं, पन्नाशीच्या बाईनं, गुडघे धरून. मी नको म्हणायला हवं होतं. मी तिला शिकवलं: सेट उभा धरायचा, बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं. तिसऱ्या दिवशी पाइप उतरवून आम्ही निघालो.

फाल्गुनात घरी फोन आला. कौसाबाई पाराजवळून बोलत होती.

"बाई, यंत्र चांगलं चाललं," हे आधी म्हणाली. मग बाकीचं.

त्या दुपारी खिंडीत पोचल्यावर भिवाजी म्हणाला, छातीत लई दुखतंय. माणसं होती वस्तीवर, खिंडीच्या मागच्या बाजूला. ती तिकडं उतरली की सेटवरचा आवाज बंद. तो म्हणाला, "जाऊ नको, बोलत ऱ्हा." ती गेली. चार माणसं घेऊन परत वर आली, बटण दाबलं. उत्तर नाही. दरीत उतरताना ती पूर्ण वाटभर बोलत राहिली.

"मी तिथंच थांबाया पाहिजे व्हतं का, बाई?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर केलंत."

"व्हय," ती म्हणाली, आणि फोन कटला.

ब्लॉग वाचून लोक विचारतात, कुठला सेट घेऊ, किती लांब पोचेल. केबलचं, टेपचं, अर्थिंगचं सगळं सांगते. पुढे एवढंच विचारते, की तुमचा आवाज ऐकणारा माणूस तुमच्यापर्यंत यायला किती वेळ लागेल. मी निघण्याआधी हे विचारलं नव्हतं. तिला मी खरं उत्तर दिलं का, तेही मला माहीत नाही. ते दोन सेट अजून तिच्याकडेच आहेत. परत मागायचं मला धाडस होत नाही, आणि तीही द्यायचं नाव काढत नाही.