रुपालीची सही

"मास्तर, तुमच्या तत्त्वज्ञानानं सुई टोचता येते का हो?"

संस्थेच्या अध्यक्षांनी झोपाळ्यावरून विचारलं. खाली सतरंजीवर आम्ही चौदा प्राध्यापक. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. एवढ्यावर थांबलो नाही. उठलो, हातात सुई धरल्याची नक्कल केली आणि शेजारच्या इंग्रजीच्या सरांच्या दंडात खुपसली. पुन्हा हशा. अध्यक्षांनी डोळे पुसले. "लय नाटकी माणूस आहे बे हा!"

आहेच मी नाटकी. गॅदरिंगला हसवायला मी, निरोप समारंभात रडवायलाही मीच. वीस वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे दर जूनला नेमणुकीचा नवा आदेश, दर मेमध्ये नवी धास्ती. तोंड चाललं तर नोकरी चालते.

हशा ओसरल्यावर ते म्हणाले, "विषय बंद. दवाखान्यातल्या मदतनिसांचा कोर्स सुरू करून राह्यलो. तुमची अकरा पोरं तिकडं टाका. त्यांच्या संमतीच्या सह्या तुम्हीच आणा. तुमचंच ऐकतात ते."

गेल्या मेची ही गोष्ट. आमच्याकडे मे म्हणजे पोरं गोळा करायचा महिना. डोक्याला दुपट्टा बांधून प्राध्यापक गावोगाव हिंडतात, ओसरीवर चहा पितात, प्रवेशाचे अर्ज स्वतःच भरतात. मीही निघालो. सोनाळ्यात एका बापाला म्हणालो, "भाऊ, विचार करून पोट भरते काय?" बापानं मान हलवली. दोन दिवसांत दहा सह्या. माझाच विषय मी गावोगाव पुरत चाललो होतो, आणि लोकांना हसवत.

अकरावी सही रुपालीची. ती वरवट बकालची. घरी वांगी, मिरची. पहिल्या वर्षी वर्गात सारखं का, का; आमच्या बोलीत काऊन, काऊन. "सर, हजेरीत पोरांची नावं आधी काऊन?" दुसऱ्या दिवसापासून हजेरी बदलली. प्रश्नांसाठी तिची वेगळी वही होती, निळी.

ती अंगणात मिरच्यांची देठं खुडत होती. मी तेच पोट भरण्याचं भाषण केलं. तिनं ऐकून घेतलं.

"सर, तुम्हीच सांगतलं होतं ना, पटल्याशिवाय मान हलवू नका. मंग आज काऊन हलवाले लावता?"

"सर सांगून राह्यले ना, बाई," तिचा बाप म्हणाला.

माझ्याकडे खरं उत्तर होतं. माझी नोकरी. ते सोडून मी सुईची नक्कल केली. बाप हसला. आई पदराआड हसली. रुपाली हसली नाही. मिरचीचे हात पुसले. सही केली.

तो कोर्स वाईट नाही. आजाऱ्याला मदतीचे हात लागतातच. पण तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारावं लागतं, हे तिला शिकवणारा मीच होतो.

बक्षीस म्हणून मला इतिहासाचे तास मिळाले.

हिवाळ्यात हजेरीबुक आणायला त्या कोर्सच्या वर्गाकडे गेलो. रुपाली पहिल्या बाकावर. शिकवणारे काहीतरी म्हणाले. तिचं उत्तर, "हो सर." अजून काही म्हणाले. "हो सर." ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "निळी वही कुठं आहे बाई?"

"वही? राह्यली सर, घरी."

सवयीनं सुईची नक्कल केली. वाटलं, चिडेल. चिडायला हवी होती.

ती हसली. मोठ्यानं, लगेच, माझ्या तोंडाकडे बघत. ते हसू मी ओळखलं. ते माझं होतं. झोपाळ्यासमोरचं. त्या मेनंतर मी तिला एवढं एकच शिकवलं होतं.

जिन्यात बसून रडलो. नाटक नव्हतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा सतरंजी. पुन्हा झोपाळा.

"मास्तर, मेलेले राजे पगार देतात का हो? इतिहास बंद. सह्या आणा."

हशा. मी उठलो. सगळे नकलेची वाट पाहत होते.

"काऊन?" मी म्हणालो.

"काय काऊन?"

"विषय काऊन बंद? पोरांले विचारलं काय? सह्या मी आणत नाही."

अध्यक्षांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. "जूनमधी आदेश भेटणार नाही, मास्तर."

"हाव. ठाऊक आहे."

कोणी हसलं नाही. इंग्रजीचे सर सतरंजीकडे पाहत राहिले.

उद्या दुपट्टा बांधून निघतोय. पिशवीत अर्ज नाहीत. आधी वरवट बकाल. रुपालीच्या बापासमोर सांगणार आहे, की त्या दिवशी नोकरी वाचवायला मी खोटं बोललो. माफ करायचं की नाही, ते ती ठरवेल. नक्कल करणार नाही. ती 'काऊन?' विचारेपर्यंत अंगणातून हलणार नाही.