कर्व्ह केलेलं नाव

खाणावळीचा बोर्ड करून घ्यायला माझ्या दुकानात आलेल्या मावशी माझ्या कॉम्प्युटरवर आपलं नाव बोट ठेवून वाचत होत्या. लग्नात बदललेलं नाव त्यांना नको होतं. माहेरचं हवं होतं, ‘शालिनी’.

“‘लि’ला पहिली वेलांटी गं,” त्या म्हणाल्या. चूक माझीच होती. मी ती सुधारली आणि नेहमीसारखं सांगितलं, “मावशी, आता फाइल कर्व्ह करते. अक्षरांचं चित्र होतं. मग कुणालाच नाव बदलता येत नाही.”

छापताना अक्षरं तुटू नयेत म्हणून फाइल कर्व्ह करावी लागते, आणि हे वाक्य मी रोज दहादा बोलते. आज पहिल्यांदाच ते मला नीट ऐकू आलं.

मावशी खुर्चीत ताठ बसल्या.

“कुणालाच नाही ना? मग कर.”