हेडफोन बाप्पाला लावायचे का?

गणपतीत ग्वाल्हेरला जायचं ठरलं आणि सगळ्यात आधी बॅगेत भरली ती गिटार! पोकळ पोटाची नव्हे हं. नुसता दांडा, त्याला काढता-घालता येणारी चौकट, आणि आवाज फक्त हेडफोनात. तीन वर्षं मी अशीच शिकतेय. माझा एक सूर आजवर कुणी ऐकलेला नाही, आणि ऐकू नये अशीच माझी इच्छा होती. लाज वाटते हो!

गाडीत समोरच्या आजोबांनी विचारलं, "बेटा, ये कपड़े टाँगने का है?" मी सरळ हो म्हणून टाकलं.

स्टेशनहून लष्कर भागात जायला शेअर ई-रिक्षा घ्या, वीस-तीस रुपयांत काम होतं. जुन्या गोरखी वाड्याजवळ उतरून गरम बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी हाणली आणि मगच काकांकडे गेले. संस्थान विलीन झालं तेव्हा आमचे आजोबा नोकरीसाठी पुण्याला आले. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकांचे वडील, इथेच राहिले.

"आली का तू? बढिया! बाजा पण आणला?" काका खूश. "मग संध्याकाळी हजेरी लाव."

झालं! या घरची रीतच अशी, की वाद्य घेऊन आलेल्या पाहुण्याने आरतीनंतर बाप्पापुढे वाजवायचंच. दुपारी हजीरा वस्तीच्या बाजूने पायी किल्ला चढले (पाणी सोबत ठेवा, सावली कमी), पण राजवाड्याच्या भिंतीवरची निळ्या फरशांची बदकं बघतानाही डोक्यात ती हजेरीच.

आरती झाली. मी तारा छेडल्या. काकांची मुलगी मुक्ता ओरडली, "ताई, ये तो बजता ही नहीं!"

"कानात वाजते," मी पुटपुटले.

काकू गंभीरपणे म्हणाल्या, "मग हेडफोन बाप्पाला लावायचे का?"

सगळे हसून लोळले. सुटले बाई, म्हणत मी मागे मागे सरकले. बोटं आपली चालूच. तेवढ्यात गिटारचं टोक काकूंच्या लाकडी कपाटाला टेकलं. आई गं! अख्खं कपाट गायला लागलं!

"हलू नको तिथून!" काका ओरडले. मग काय, कपाटाला चिकटून, दोनदा चुकत, पूर्ण धून वाजवली. मुक्ताने मोबाइलवर रेकॉर्ड केली. टाळ्या पडल्या आणि मला इतका आनंद झाला, की एका दमात तीन मोदक खाल्ले.

पुण्यात आईने दार उघडलं. मुक्ताचं रेकॉर्डिंग माझ्याआधीच घरी पोचलं होतं.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तू नुसती बोटं हलवत बसतेस," ती म्हणाली आणि हात धरून आत घेऊन गेली. तिच्या कपाटातल्या झाडून सगळ्या साड्या पलंगावर होत्या.

"रिकाम्याला जास्त आवाज येईल ना? टेकव."