माझ्या सदऱ्यावरचं ठिगळ

मी आयुष्यात एक दिवसही अनवाणी शाळेत गेलेलो नाही. हे वाक्य मला लिहावं लागतंय, याचाच आधी संताप येतो.

माझे वडील, म्हणजे दादा, उमरीचे शिंपी. शाळा उघडायच्या आधी महिनाभर आमच्या घरात खाकी आणि पांढऱ्या कापडाचे ढीग पडलेले असायचे. अर्ध्या गावाची पोरं दादांच्या हातचे गणवेश घालायची, आणि त्यांत सगळ्यात नेटका माझा असायचा. शिंप्याचंच पोरगं उसवलेलं फिरलं तर गिऱ्हाईक कशाला येईल, असं दादा म्हणायचे. ठिगळ तर त्यांनी मला कधी लावलंच नाही. चड्डी विरली की तिचं फडकं व्हायचं आणि नवी शिवली जायची. श्रीमंत आम्ही नव्हतोच, पण टापटीप होतो, आणि त्या टापटिपीमागे दादांचे डोळे जळत होते.

आज मी लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. वीस वर्षं होत आली. माझी ओळख काय, तर अवघड गणित सोपं करून सांगतो, ही. मला ती पुरेशी वाटायची. दोन वर्षांपूर्वी आमच्या मालकांच्या डोक्यात आलं की प्रत्येक शिक्षकाचा स्वतःचा ब्रँड हवा. त्यासाठी पुण्याहून एक गृहस्थ आले. गुळगुळीत बोलणारे, पायात पांढरे बूट.

‘‘सर, नुसतं शिकवणं विकलं जात नाही. माणूस विकला जातो. आणि माणूस अस्सल पाहिजे. तुमचा संघर्ष सांगा.’’

मी म्हणालो, वडील शिंपी होते. त्या गृहस्थांनी वहीत काही लिहिलं नाही. शिवणयंत्र होतं का? होतं. दोन वेळचं जेवण? होतं. त्यांचं तोंड उतरत चाललं. मग त्यांनी विचारलं, ‘‘पायात काय असायचं?’’

‘‘स्लीपर.’’

‘‘आणि पावसाळ्यात?’’

‘‘पावसाळ्यात काढून हातात घ्यायचो.’’

आमच्याकडची काळी माती ज्याने तुडवली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. त्या चिखलात स्लीपर घालून चाललात तर पाय वर येतो आणि स्लीपर खालीच राहते. सरपंचाचं पोरगंसुद्धा चप्पल हातात घेऊनच शाळेत यायचं आणि नळावर पाय धुऊन परत घालायचं. पण त्या गृहस्थांनी पेन उचललं आणि लिहिलं: अनवाणी.

महिनाभरात चौकात फ्लेक्स लागला. मी हाताची घडी घालून उभा, आणि खाली ‘अनवाणी पावलांनी गाठलं विज्ञानाचं शिखर’. सोबत एक रील. त्यात कुठलं तरी पोर, माझं लहानपण म्हणून, खताच्या पिशवीत पुस्तकं घेऊन चिखलातून चाललेलं. सदऱ्याच्या खांद्यावर हे एवढं ठिगळ.

रील मला आधी दाखवली होती. ‘‘हे जरा जास्तच होतंय,’’ एवढं मी पुटपुटलो. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, ‘‘भावना तर खरी आहे ना, सर?’’ मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, सगळ्या शिक्षकांच्या फ्लेक्सांत माझा फोटो मोठा होता आणि मला ते आवडलं होतं.

दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लातूरला आले, तेव्हा मी त्यांना बसस्टँडवरून ऑटोने आणत होतो. चौकात सिग्नल लागला. त्यांनी एका बऱ्या डोळ्याने ती ओळ सावकाश वाचली. घरी आल्यावर माझ्या मुलीने कौतुकाने त्यांना रील दाखवली. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरून ती तीनदा पाहिली.

‘‘ते ठिगळ कुनी लावलंय?’’

‘‘शूटिंगसाठी लावलंय, दादा.’’

‘‘मी असं लावत न्हाई.’’ मग म्हणाले, ‘‘मी तुला अनवाणी धाडलं व्हतं का रे?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग असं कामून सांगितलंस?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन निघाले. ऑपरेशन नांदेडला करतो म्हणाले, इथं करमून न्हाई राहिलं.

मी तडक मालकांच्या केबिनमध्ये गेलो. फ्लेक्स काढा म्हणालो. माझा आवाज बाहेर वर्गापर्यंत जात होता. ‘‘लिहा की वडील शिंपी होते आणि पोराला कायम नीट कपड्यांत ठेवलं.’’

ते हसले. ‘‘सर, ते वाचून कोण ॲडमिशन घेईल?’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाने आयुष्यभर सुईत दोरा ओवून पोराची अब्रू झाकायची, आणि ती झाकलेली दिसते म्हणून तिला किंमत नाही! अस्सल म्हणजे काय, तर पुण्याच्या माणसाला रडू येईल ते?

पण ओरडताना मला माझंच कॉलेज आठवलं. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलवर कुणी विचारलं, वडील काय करतात, की मी सांगायचो, ‘‘कापडाचा बिझनेस आहे.’’ अंगावर दादांनी शिवलेला कडक शर्ट असायचा, त्यामुळे पोरांना ते पटायचं. म्हणजे विशीत मी बापाला वर चढवून विकलं आणि पंचेचाळिशीत खाली पाडून विकलं. नुसता शिंपी म्हणून मी त्यांना कधी उभंच केलं नाही. पुण्याचा माणूस तर परका होता.

नोकरी सोडतो म्हटल्यावर फ्लेक्स उतरला. रील उतरली नाही. क्लासने काढून टाकली, पण तोवर ती लोकांच्या फोनवर पोचली होती. खरं काय ते सांगणारा व्हिडिओ मी स्वतः केला. तो कुणी पुढे पाठवला नाही.

मागच्या महिन्यात उमरीला गेलो. दादा आता थोडंफारच शिवतात, पण दुकान उघडतात. मी बाकावर बसलेलो असताना एक म्हातारे गृहस्थ पायजमा आखूड करायला आले. त्यांच्या तिन्ही पोरांचे गणवेश दादांनीच शिवले होते. मला पाहून ते हळहळले, ‘‘लई हाल काढलेस बाबा.’’ मग दादांकडे वळून म्हणाले, ‘‘आमच्या लेकरायले शिवून दिलं, अन् स्वतःचं लेकरू उघड्या पायानं?’’

दादांनी मशीन थांबवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक फोटो काढला. माझ्या चौथीच्या वर्गाचा. पुढच्या रांगेत मी उभा आहे, पांढरा सदरा, इस्त्रीची खाकी चड्डी, पायात निळ्या पट्ट्याच्या स्लीपर.

‘‘हे बगा,’’ दादा फोटोवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘पायात हाय त्याच्या.’’

फोटोच्या कडा मऊ पडल्या होत्या. तो तसा खिशातून किती वेळा निघाला असेल, ते मला विचारवलं नाही.